गोंगाट वगळून

घरात माझं काम होणं शक्य नव्हतं. माझी बायको सिद्धेश्वरी पुढच्या खोलीत शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेते. मधल्या खोलीत अव्वाचा, म्हणजे माझ्या आईचा टीव्ही, त्यावर कन्नड मालिका, आणि अव्वाला ऐकायला कमी येत असल्यामुळं त्या मालिका आमच्या गल्लीलाही पाठ झालेल्या. आतल्या खोलीत मी दार लावून, कानाला हेडफोन लावून अशा कामाला बसायचो, ज्याला सगळ्यात आधी शांतता लागते.

मी प्रोग्रामर आहे. पुण्याच्या एका कंपनीचं काम सोलापुरात बसून करतो. नातेवाइकांच्या लेखी प्रोग्रामर म्हणजे प्रिंटर दुरुस्त करणारा माणूस. कुणाचा पासवर्ड हरवतो, कुणाच्या मोबाइलमधली जागा भरते, कुणाच्या दुकानातलं बिलाचं मशीन 'ळ'च्या जागी चौकोन छापायला लागतं, की मला फोन. माझं उत्तर ठरलेलं: बंद करून चालू करा. बहुतेकांचं भागतं त्यानं. ज्यांचं भागत नाही, त्यांचं का भागलं नाही हे शोधण्यात मला खरी गोडी. यंत्र उगाच चुकत नाही. कारण सापडत नसेल तर ते आपल्याला दिसत नाही, एवढंच. मी असं मानत आलो होतो, आणि कुणी भुताखेताचं काही सांगायला लागलं की मी उठून चहा ठेवायला जायचो.

त्या वेळी आम्ही बोलणं ऐकून लिहिणारं यंत्र तयार करत होतो. ते एका हेल्पलाइनसाठी होतं. अडचणीत सापडलेला माणूस फोन करतो, घाबरलेला असतो, रडत असतो, आपल्या गावच्या बोलीत भराभर बोलतो. यंत्रानं ते ऐकायचं आणि ऑपरेटरच्या पडद्यावर नीट अक्षरात उमटवायचं. आमच्या जिल्ह्यात माढ्याचा माणूस एक बोलतो, अक्कलकोटचा दुसरंच. पुस्तकी मराठी शिकलेलं यंत्र 'हाय' ऐकलं की इंग्रजी नमस्कार समजायचं. ते सुधारायचं काम माझ्याकडं होतं. माझ्याबरोबर काव्या होती, मूळची बार्शीची, राहायला पुण्यात. आमचे साहेब उदयसिंह. रोज दुपारी आम्ही तिघं व्हिडिओ मीटिंगला बसायचो आणि रोज माझ्या मागून सतराचा पाढा ऐकू यायचा.

"मल्लिकार्जुन," एकदा उदयसिंह म्हणाले, "तुम्ही एखादी खोली का नाही बघत?"

खोली मिळाली नव्या पेठेत. शंकरप्पा म्हणून अव्वाच्या माहेराकडून लांबचे नातेवाईक, त्यांचं कापडाचं दुकान आहे. दुकानाच्या वर मागच्या बाजूनं जिना जातो, जिन्याच्या टोकाला एक खोली. पूर्वी तिथं कापडाचे तागे ठेवायचे. भिंतींना लाकडी फळ्या तशाच होत्या आणि कोऱ्या कापडाच्या खळीचा वास भिंतीत मुरलेला होता. खिडकी नव्हती. दार लोखंडी, जाड. बाहेर रिक्षांचे भोंगे, फेरीवाले, लग्नाच्या खरेदीला आलेल्या बायकांचा कलकलाट. पण दार ओढलं की पेठ बंद. एवढी शांतता मी सोलापुरात कधी ऐकली नव्हती. मी त्याच दिवशी होकार दिला. शंकरप्पांनी एसी बसवून दिला.

"कडी तेवढी बाहेरनं हाय," ते म्हणाले. "आतनं न्हाय. मालाची खोली, आत कोण लावणार?"

मला त्याचं काही वाटलं नाही.

पहिले काही दिवस छान गेले. मग यंत्रानं शांततेत लिहायला सुरुवात केली.

यात गूढ काही नव्हतं. या प्रकारच्या यंत्रांची ही खोडच असते. ऐकायला काही नसलं तरी त्यांना गप्प बसवत नाही. कोऱ्या भिंतीकडं बघत बसलं की आपल्याला चेहरे दिसायला लागतात, तसं त्यांना शब्द ऐकू येतात. हेल्पलाइनच्या दृष्टीनं हा दोष मोठाच होता, कारण न बोललेलं उमटलं तर ऑपरेटर भलतीकडंच गाडी पाठवेल. मी माइक चालू ठेवून गप्प बसायचो आणि पडदा बघायचो. बराच वेळ काही नाही. मग एक शब्द.

'व्हय.'

थोड्या वेळानं, 'हां.' मग पुन्हा काही नाही.

मी काव्याला सांगितलं. तिनं तिच्याकडं माइक उघडा ठेवून बघितलं. तिच्या यंत्रानं लिहिलं, 'नमस्कार', 'धन्यवाद', 'पाहत राहा'. बातम्यांच्या रेकॉर्डिंगवर शिकलेलं यंत्र, त्याला शांततेत तेच आठवणार. हे बरोबर होतं. माझ्याकडचं मात्र एकदाही 'नमस्कार' म्हणालं नाही. माझ्याकडं दुसऱ्या आठवड्यात उमटलं:

'हितं कोण हाय का.'

"सर, तुमच्या मशीनमध्ये काहीतरी गडबड आहे," काव्या म्हणाली. "मला ती शांतता पाठवा."

खोलीतल्या शांततेचं रेकॉर्डिंग मी तिला पाठवलं. आवाज अनेक पटींनी वाढवून मी ते आधी स्वतः ऐकलं होतं. एसीची घरघर सोडून त्यात काही नव्हतं. दुपारी तिचा फोन आला.

"माझ्या मशीनवर पण तेच आलं, सर. 'हितं कोण हाय का.' आणि पुढं आणखी काहीतरी आहे, ते मला कळत नाही. मराठी वाटत नाहीये. पाठवते."

तिनं पाठवलेले दोन शब्द मी संध्याकाळी घरी मोबाइलवर बघत होतो. मधल्या खोलीत अव्वा पाट घेऊन लसूण सोलत बसली होती, लाइट गेल्यामुळं टीव्ही बंद. काय आहे ते कळावं म्हणून मी ते शब्द मोठ्यानं वाचले.

"बागला तगी."

अव्वा गुडघ्यावर हात टेकून उठली आणि चालायला लागली.

"कुठं निघालीस?"

"यार बंदारा?" कोण आलंय, असं तिनं मलाच विचारलं आणि जाऊन बाहेरचं दार उघडलं. उंबऱ्यात कुणी नव्हतं. ती वळून माझ्याकडं रागानं बघायला लागली. "दार उघड म्हणालास की तू."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी घरात कन्नड ऐकत वाढलोय; पण देवनागरी अक्षरात, पडद्यावर, कामाच्या फायलीत ते शब्द मला ओळखू आले नव्हते. बागला तगी. दार उघड.

आमच्या यंत्राला कन्नडचं एकही वाक्य कुणी शिकवलं नव्हतं.

मी त्याला कारण शोधलं. सीमेकडच्या माणसांची रेकॉर्डिंग आमच्याकडं होती, त्यात कुणीतरी मधेच कन्नड बोललं असेल, असं मी काव्याला सांगितलं. ती "हो, असेल," म्हणाली. तिनं ती सगळी रेकॉर्डिंग चाळली की नाही, मी विचारलं नाही. मी चाळली होती.

दुसऱ्या दिवशी दुकानात शंकरप्पा एका गिऱ्हाइकापुढं साड्या टाकत होते. ते मोकळे झाल्यावर मी सहज म्हणून विषय काढला. यंत्र काहीतरी विचित्र लिहितंय, मधे कन्नड येतंय, असं हसत हसत सांगितलं.

शंकरप्पा घडी घालता घालता थांबले.

"बाईमाणूस हाय का?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"बोलणारं."

"अप्पा, आवाज नसतो त्याला. नुसती अक्षरं येतात."

त्यांनी साडीची घडी पुरी केली, तळहातानं दोनदा दाबली. "ती खोली पयल्यापासनं मालाचीच हाय," ते म्हणाले. "तितं कोण ऱ्हात नव्हतं."

मी तसं विचारलंच नव्हतं.

इकडं हेल्पलाइनच्या लोकांना यंत्र दाखवायची वेळ जवळ आली होती. उदयसिंह रोज विचारत होते, शांततेतली बडबड थांबली का. मी एक उपाय काढला, आणि तेव्हा मला तो फार हुशारीचा वाटला. खोलीतल्या शांततेचं भरपूर रेकॉर्डिंग करून मी त्यावर एक फिल्टर शिकवला. यात जे जे आहे, ते सगळं गोंगाट समज आणि वगळ. समोर माणूस खरंच बोलत असेल तेवढंच पुढं जाऊ दे.

फिल्टर उत्तम चालला. मी चालू केल्यावर पडदा कोराच राहिला. दुपारभर कोरा. हेल्पलाइनच्या लोकांनी पुण्यात बघितलं, त्यांना आवडलं. उदयसिंहांनी माझं कौतुक केलं. काव्या मात्र एवढंच म्हणाली, "सर, पण ते जे येत होतं, ते होतं काय?"

"गोंगाट," मी म्हणालो.

त्यानंतर काही बारीकसारीक गोष्टी घडल्या. तेव्हा त्या मला एकमेकींना जोडलेल्या दिसल्या नाहीत. पेठेतल्या चहावाल्याला मी बिनसाखरेचा सांगायचो, तो साखरेचा द्यायचा, आणि हटकलं तर "तुमीच म्हणाला की" असं म्हणून चेहऱ्याकडं बघायचा. एसीतून पाणी गळतंय म्हणून मी शंकरप्पांना सांगितलं, तर ते खूश होऊन म्हणाले, "बरं झालं, गार होतंय नव्हं खोली?" एकदा सिद्धेश्वरीला सकाळी सांगितलं, आज डोकं दुखतंय, लवकर येतो. संध्याकाळी मी आलो तर घराला कुलूप. ती अव्वाला घेऊन देवळात गेली होती. "तुम्हीच उशीर होणार म्हणालात," ती म्हणाली. मी वाद घातला नाही. दिवसभर हेडफोन लावून बसणाऱ्या माणसाचं बोलणं तोंडातल्या तोंडात होत असणार, असं मी स्वतःलाच समजावलं.

मग मे महिन्यातली ती दुपार आली.

शंकरप्पांच्या नात्यात लग्न होतं, दुकान बंद होतं. मी मागच्या जिन्यानं वर गेलो. ऊन असं की जिन्याच्या लोखंडी कठड्याला हात लावता येईना. एसी लावला, दार ओढून घेतलं, मीटिंग सुरू केली. काव्या आणि उदयसिंह पडद्यावर आले. थोड्या वेळात लाइट गेली. एसी थांबला, खोलीत अंधार झाला, लॅपटॉपच्या उजेडात भिंतीवरच्या फळ्या तेवढ्या दिसत राहिल्या. लॅपटॉप बॅटरीवर होता, इंटरनेट मोबाइलचं. मी एका कानाचा हेडफोन काढला, दार उघडून ठेवावं म्हणून उठलो.

तेवढ्यात बाहेर जिन्यावर पावलं वाजली.

"वर कोण हाय का?" शंकरप्पांचा आवाज.

"आहे, अप्पा! मी आहे!"

बाहेरून कडी सरकली.

"अप्पा, उघडा! मी आत आहे, उघडा!" मी दारावर दोन्ही हातांनी बडवलं. लोखंड आतून गार होतं, बाहेर एवढं ऊन असताना. पावलं खाली गेली. जिन्याच्या पायथ्याशी स्कूटर सुरू झाल्याचं अंधुक ऐकू आलं आणि मग पेठ पुन्हा बंद झाली.

मी घाबरलो नव्हतो. समोर दोन माणसं पडद्यावर बसली होती. मी लॅपटॉपपाशी आलो.

"काव्या, शंकरप्पांनी बाहेरून कडी लावली. लाइट गेलीय, खिडकी नाही. त्यांचा नंबर देतो, त्यांना फोन कर."

काव्यानं मान डोलावली. "बरं झालं की सर मग," ती हसून म्हणाली.

"काय बरं झालं? अगं, मी अडकलोय!"

"हो ना," उदयसिंह म्हणाले. "तुम्हाला अशीच जागा हवी होती."

मी त्यांच्या चेहऱ्यांकडं बघितलं. ते थट्टा करत नव्हते. दोघंही माझ्याकडं बघत होते, बोलणं नीट ऐकू येणारी माणसं बघतात तसं. मग माझी नजर खाली गेली. मीटिंगमध्ये जो जे बोलेल ते त्याच्या चित्राखाली अक्षरात उमटायचं; आमचंच यंत्र, आमचाच फिल्टर. माझ्या चित्राखाली लिहिलं होतं:

'इकडं सगळं छान आहे. खोली शांत आहे. दार लावूनच बसलोय. माझी काळजी करू नका.'

"हे मी म्हटलेलं नाही," मी म्हणालो.

'चालू द्या तुमचं,' खाली उमटलं.

"चला तर मग," उदयसिंह म्हणाले. दोघांनी हात हलवले. पडदा रिकामा झाला.

फिल्टर चुकतोय, एवढंच माझ्या मनात आलं. माझा आवाज या खोलीत रेकॉर्ड झालेला, फिल्टरनं तोही खोलीचाच भाग धरला असेल. असं होऊ शकतं. पण वगळलेल्या जागी दुसरं वाक्य कुठून आलं, आणि कानानं ऐकणाऱ्या माणसांना तेच वाक्य कसं ऐकू आलं, याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. मी मोबाइल घेतला. मोबाइलला त्या फिल्टरशी काही देणंघेणं नव्हतं.

"सिद्धू, मी खोलीत अडकलोय. बाहेरून कडी लागलीय. कुणाला तरी पाठव. लगेच."

मागून मुलांचा कलकलाट ऐकू येत होता. "बरं," ती म्हणाली. "मग जेवायला नाही येणार ना?"

"सिद्धू, ऐक. कडी लागलीय."

"ऐकलं की हो. करा तुम्ही काम." फोन ठेवला गेला.

शंकरप्पांचा फोन लागेना. मी सिद्धेश्वरीला मेसेज लिहिला. एकेक अक्षर बघून लिहिला: 'कडी बाहेरून लागलीय. माणूस पाठव. दार उघडायला सांग.' पाठवला. तिनं वाचल्याची खूण आली. तिचं उत्तरही आलं, 'बरं, सांगते.'

मी भिंतीला टेकून बसलो. म्हटलं, लिहिलेलं तरी पोचतंय.

खोली तापत गेली. खळीचा वास दाट झाला, जिभेवर यायला लागला. शर्ट अंगाला चिकटला. कुणी येईना. मी उठून पुन्हा ओरडायला लागलो. शंकरप्पांच्या नावानं, पेठेतल्या लोकांच्या नावानं, शेवटी नुसताच. दारावर लाथा मारल्या. घसा सोलून निघाला. खाली माणसं चालत होती. मला माहीत होतं, चालत असणार. माझ्यापर्यंत त्यांचं काही येत नव्हतं, तसं माझं त्यांच्यापर्यंत काही जात नव्हतं.

लॅपटॉपवर माझी कामाची खिडकी उघडी होती. माइक चालू होता. मी एवढा वेळ ओरडत होतो आणि पडद्यावर एक अक्षर उमटलं नव्हतं. मी जे जे म्हणालो, ते सगळं वगळलं गेलं होतं.

मी थकून खाली बसलो. गप्प झालो.

तेव्हा उमटलं.

'वरडू नगंस.'

फिल्टर चालू होता. तो चालू असताना या खोलीतली शांतता पुढं जाणं शक्य नव्हतं.

'दमशील.'

मी श्वास रोखून धरला. खोलीत काहीही वाजत नव्हतं.

'मी बी लई वरडले.'

मी हात लांब करून लॅपटॉपचं झाकण लावलं. आता अंधार पुरा झाला. मी गुडघे पोटाशी घेतले. माझ्या डाव्या बाजूला, फळ्यांच्या खालच्या अंगाला, कोऱ्या कापडाची घडी कुणी उलगडावी तशी हवा हलली. मी तिकडं तोंड केलं नाही.

कडी वाजली आणि दारातून उजेड आत आला.

शंकरप्पा लग्नातल्या फेट्यासकट उभे होते. एका हातात डबा, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली.

"वयनींचा फोन आला," ते म्हणाले. "म्हणल्या, तुमी लई कामात हाय, जेवण वर पोचवा."

मी त्यांना ढकलून जिन्यावर आलो. ऊन अंगावर घेतलं. "अप्पा, कडी का लावलीत?"

"आँ?" ते गोंधळले. "तुमीच आतनं वरडून सांगितलं न्हवं का. 'लावा, अप्पा, लावा' म्हणून. मला वाटलं, कोण तरास देतंय तुमाला."

"आणि इथं कोण राहायचं?" मी विचारलं. "बाई कोण होती ती? खरं सांगा."

शंकरप्पांनी माझ्याकडं कौतुकानं बघितलं. "ऱ्हावा की," ते म्हणाले. "पायजे तेवढं ऱ्हावा. मी कशाला न्हाय म्हणू?"

मी तिथून चालतच घरी आलो. रिक्षा केली नाही. रिक्षावाल्याला पत्ता सांगायची भीती वाटली.

शिकवणी सुटली होती. सिद्धेश्वरी पुढच्या खोलीत पाट्या उचलत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. शांततेतले शब्द, अव्वानं उघडलेलं दार, फिल्टर, कडी, अंधार. ती पाट्या मांडीवर घेऊन ऐकत होती. मधे मधे मान हलवत होती. माझं सांगून झाल्यावर तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"किती दिवसांनी असे हसून बोलताय," ती म्हणाली.

माझ्या हाताला दार बडवून सूज आली होती. तिचा तळवा नेमका त्यावर होता.

मी तिचा मोबाइल उचलला, मी पाठवलेला मेसेज काढला आणि तिच्यापुढं धरला. मला तो स्पष्ट दिसत होता. कडी बाहेरून लागलीय. माणूस पाठव. दार उघडायला सांग. मी अक्षरांवर बोट ठेवलं. बोलून काही उपयोग नव्हता, म्हणून बोलावं की नाही तेच कळेना. शेवटी म्हणालो, "वाच."

लहान मुलांना वाचून दाखवते तसं तिनं माझ्या बोटाबरोबर वाचलं.

"'काम चांगलं चाललंय. जेवण इकडंच पाठव. आता इथंच बरं वाटतं.'" मग ती हसली. "म्हटलं बाई, एवढी आवडली खोली!"

मी मधल्या खोलीत गेलो. अव्वा मालिका बघत होती. मी तिच्यापुढं, टीव्हीच्या आड उभा राहिलो आणि कन्नडमध्ये सांगितलं, मला वाचव. अव्वानं मान वाकडी करून माझ्यामागचा पडदा बघितला.

"जा रे बाळा, जा," ती म्हणाली. "मी काय धरून ठेवलंय का तुला?"

मला नेणारं कुणीच नव्हतं. उद्या मी उठलोच नाही, घरातच पडून राहिलो, तर कोण मला उचलून पेठेत नेऊन टाकणार होतं? मी स्वतःला हे सांगत आतल्या खोलीत आलो. काव्याचा मेसेज येऊन पडला होता, 'सर, आज तुम्ही फार शांत वाटलात. बरं वाटलं बघून.' मी उत्तर लिहायला घेतलं आणि काय लिहू ते सुचेना. काहीही लिहिलं तरी तिला काय वाचायला मिळेल, हे मला आता कळणार नव्हतं.

सिद्धेश्वरी आत आली. कपाटातून तिनं चादर काढली, घडी उलगडून बघितली, पुन्हा घातली. मग उशी. दोन्ही तिनं मोठ्या पिशवीत भरलं.

"हे काय करतेस?"

"शंकरप्पांशी बोलले मी," ती म्हणाली. "त्यांची काही हरकत नाही. संध्याकाळी तेच येतायत स्कूटर घेऊन तुम्हाला न्यायला. सामान कुठं उचलत बसणार तुम्ही. आणि कडीचं म्हणाले, ते स्वतः रोज आठवणीनं लावतील. तुम्ही एवढं सांगून ठेवलंय म्हणून."

मी तिचे दोन्ही खांदे धरले. तिच्या डोळ्यांत बघून, एकेक शब्द सुटा करून मी पुन्हा सगळं सांगितलं.

"हो, हो," ती म्हणाली. "विसरत नाही मी. आत्ता फोन करून त्यांना म्हणते, संध्याकाळपर्यंत थांबू नका."